राजाचा गुन्हा

लग्नाला आठ महिने झाले. मैत्रिणी फोनवर विचारतात, "सासर कसंय?" मी सांगते, "ओलं." त्यांना वाटतं मी विनोद करतेय. गंगापूर रोडवरच्या आमच्या तीन खोल्यांत माणसं चार आणि माशांच्या टाक्या तीन. सासरे, म्हणजे आप्पा, कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी मासे पाळायला घेतले. तेव्हापासून या घरात किस्से टाकीच्या काचेवरच्या शेवाळासारखे साठतात. आज पुसावेत तर चार दिवसांत पुन्हा हिरवं!

मी मुळात कमी बोलणारी. त्यामुळे सगळे मला सगळं सांगतात, आणि माझ्यासमोर सगळं करतातही.

*

पहिला धक्का लग्नानंतरच्या तिसऱ्या दिवशी बसला. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, टोमॅटोचं सार करायला सांगितलं. फ्रीझरमध्ये लाल चौकोनी तुकड्यांचा एक ट्रे दिसला. मला वाटलं, वा, काय नीटनेटकं घर आहे, टोमॅटोचा रस काढून गोठवून ठेवलाय!

दोन तुकडे पातेल्यात टाकले. ते विरघळले. विरघळल्यावर त्यांचे धागे झाले. धाग्यांना डोकी होती.

माझी किंकाळी ऐकून आई आल्या. पातेल्यात डोकावल्या आणि शांतपणे गॅस बंद केला. "त्या अळ्या आहेत. वरचा कप्पा माशांचा," त्या म्हणाल्या. "आपण खालच्या कप्प्यातलं खायचं."

तेवढ्यात आप्पा धावत आले. मला वाटलं, सुनेची विचारपूस करतील. त्यांनी पातेल्याला बोट लावून बघितलं आणि कळवळून म्हणाले, "उकळलंस का गं? सगळं सत्त्व गेलं!"

*

गोठवलेलं खाणं म्हणजे आप्पांच्या मते शिळं. माशांच्या जोडीनं अंडी घालायला हवी असतील तर त्यांना जिवंत, वळवळणारं खाणं हवं. म्हणून गच्चीवर एक काळी बादली. तिच्यात पाणी, थोडा पालापाचोळा आणि दहा दिवसांची प्रतीक्षा.

एक दिवस घरोघरी डासांच्या अळ्या तपासणाऱ्या ताई आल्या. आप्पा त्यांना उत्साहानं स्वतःच गच्चीवर घेऊन गेले. मागे मी.

ताईंनी बॅटरी मारली. "काका! या बादलीत अळ्याच अळ्या आहेत!"

"मग!" आप्पा फुलले. "उगाच नाही, दहा दिवस पाळतोय!"

"पाळताय?"

त्या बाईंचा तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी नोटिशीचं पुस्तक काढलं आणि दुसऱ्या हातानं बादलीचा कान धरला.

"नोटीस द्या हो, दोन द्या," आप्पा गयावया करत होते, "पण आधी मला गाळून तरी घेऊ द्या!" आणि त्यांनी खिशातून गाळणं काढलं.

जिन्यातून आईंचा आवाज आला, "अहो, ते माझं चहाचं गाळणं आहे का?"

*

यानंतरचा किस्सा मी अजून नवऱ्यालाही सांगितलेला नाही.

ओट्याच्या कोपऱ्यात एक झाकणाचा डबा होता. उघडला तर आत आंबलेलं, फसफसलेलं, वर तुकतुकीत साय धरलेलं पीठ. कुणी विसरलं असेल म्हणून मी ते सिंकमध्ये ओतलं आणि डबा गरम पाण्यानं लख्ख घासून पालथा घातला. नवी सून किती कामसू, असं मनातल्या मनात स्वतःला म्हणूनही झालं.

संध्याकाळी आप्पा त्या पालथ्या डब्यासमोर उभे. ती साय नव्हती. केसाहून बारीक लाखो किडे होते. अंड्यातून निघालेल्या पिल्लांचं ते पहिलं अन्न. पिल्लं अजून नव्हती, पण त्यांच्या जेवणाची सोय आप्पांनी वर्षभर जपून ठेवली होती!

"कुणी घासला?" आप्पांचा आवाज चिरका झाला.

मी लसूण सोलत राहिले.

"कामवाल्या मावशींनी घासला असेल," आई म्हणाल्या. "त्यांना काय कळतंय."

मावशी त्या दिवशी रजेवर होत्या. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, असं मला वाटलं.

*

माझे आईवडील घोटीहून पहिल्यांदा मुलीचं घर बघायला आले. दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, हातात पेढ्यांचा बॉक्स. टेकले न टेकले तोच लाईट गेली.

लाईट गेली की हवेचा पंप बंद आणि मासे तोंड वर काढून धापा टाकायला लागतात. आप्पांनी एक तांब्या नवऱ्याच्या हातात दिला, एक स्वतः घेतला. तिसरी टाकी उरली. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि तिसरा तांब्या दादांच्या हातात दिला!

"टाकीतलं पाणी घ्यायचं, वरून धार सोडायची. हवा मिसळते. दमानं हं, व्याही!"

पाऊण तास. माझे वडील, ज्यांनी घरी कधी स्वतःच्या हातानं पाणी घेतलं नाही, ते तांब्या भरत होते आणि ओतत होते. बाह्या कोपरापर्यंत ओल्या. माझी आई पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन बघत बसलेली.

जाताना दादांनी मला बाजूला घेतलं. मला धडकीच भरली.

"माणसं लय चांगली हायेत," ते म्हणाले. मग टोपी नीट करत, "ह्या मधल्या टाकीतल्या मोठ्या माशाला दम लागतोय. लक्ष ठेव."

*

मधल्या टाकीतला तो मासा म्हणजे राजा. राजा आणि राणी ही एंजल माशांची जोडी. पतंगासारखे उभट, चंदेरी, अंगावर काळे पट्टे. आप्पांचा सगळा जीव या दोघांत. गेल्या तीन वर्षांत या जोडीनं कितीदा तरी अंडी घातली आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी ती गायब! एकही पिल्लू नाही. एंजल कधीकधी आपलीच अंडी खातात. आप्पांचा संशय राजावर.

पंचवटीतले त्यांचे मित्र येता-जाता टोमणे मारायचे, "आप्पा, ही जोडी आहे की नुसते रूममेट?" आप्पा हसायचे, आणि मित्र गेले की राजापुढे स्टूल टाकून बसायचे. "एकदा. एकदाच मला तुझी पिल्लं मोठी करू दे रे."

एकदा तर शिक्षा म्हणून त्यांनी राजाला पंधरा दिवस वेगळ्या टबात ठेवलं होतं. "विचार कर जरा," असं सांगून.

आईंनी मात्र टाकीला हात लावलेला मी कधी बघितला नव्हता. "मला त्याचा वाससुद्धा नको," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गेल्या महिन्यात राणीनं पुन्हा अंडी घातली. टाकीत तिरका ठेवलेला शाळेच्या पाटीचा तुकडा, त्यावर राजगिऱ्यासारखे दाणे, ओळीनं. आप्पा टेप घेऊन थेट आमच्या खोलीत आले आणि पलंगामागची भिंत मोजायला लागले.

"पिल्लांना चौथी टाकी लागणार. चार फुटी. इथं बरोबर बसते."

"आप्पा, ही आमची खोली..." नवरा पुटपुटला.

"अरे, पंपाचा आवाज किती छान असतो! शिवाय दर दोन तासांनी मी येऊन खाणं टाकत जाईन, तुम्हाला काहीच त्रास नाही."

दर दोन तासांनी! मी आईंकडे बघितलं. आई टेपकडे बघत होत्या.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा कामावर आणि आप्पा पिल्लांचं खाणं आणायला पंचवटीत. मी पाणी प्यायला बाहेर आले आणि जागच्या जागी थिजले.

आई कोपरापर्यंत टाकीत होत्या. पदर खोचलेला, हातात भांड्यांची घासणी, आणि पाटीचा तो तुकडा त्या खसाखसा घासत होत्या. राणी कोपऱ्यात. आणि राजा, तोच राजा, त्यांच्या बांगड्यांवर धडका मारत होता. एकामागून एक. जीव तोडून.

"आई!"

त्यांनी मान वळवली. दचकल्याही नाहीत.

"पहिली टाकी आली ती देव्हाऱ्याच्या जागी," त्या म्हणाल्या. "दुसरी आली, माझं शिलाई मशीन गेलं. तिसरी आली तेव्हा ठरवलं, आता पुरे." मग घासणी पिळत, "आणि तू तो पिठाचा डबा घासलास, तेव्हा मी कुणाला काही बोलले?"

मी आत गेले आणि टॉवेल आणून त्यांच्या हातात दिला.

आप्पा आले ते जवळजवळ पळतच. हातात पुडी. टाकीसमोर वाकले. पाटी कोरी होती. त्यांनी पुडी हळूच टाकीवर ठेवली.

"राजा," ते म्हणाले. "अरे, या वेळी तरी..."

आईंनी चहाचा कप पुढे केला. "बापच तसा, तुम्ही तरी काय करणार. घ्या, गार होतोय."

आप्पा माझ्याकडे वळले. "मुक्ता, तू घरी होतीस. तू खोटं बोलणार नाहीस. यानंच खाल्ली ना?"

राजा काचेला तोंड लावून माझ्याकडे बघत होता.

"हो, आप्पा," मी म्हटलं. "दोन घासांत."