गेमदादाचा उजवा हात

ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं नाव देविदास. कधी झाला तेही सांगतो : गेल्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, पहिल्या पाळीत, चहाची सुट्टी संपून माणसं नुकतीच मशीनवर परतली होती तेव्हा. कुठं, तर वाळूजच्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा कापणाऱ्या मशीनांच्या विभागात. कारखान्याचं नाव इथं छापत नाही, कारण प्रकरण कोर्टात आहे, आणि ते नाव तुम्हाला माहीत आहे. देविदासच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

वाळूजला लागूनच्या रांजणगावच्या खोल्यांमध्ये त्याला देविदास म्हणून कुणी ओळखत नव्हतं. गेमदादा कुठं राहतो विचारलं तर लोक थेट आम्हा दोघांच्या खोलीच्या दाराशी आणून सोडायचे. प्रेसवर काम करणाऱ्याच्या तळहाताला घट्टे असतात, तसे त्यालाही होते. पण त्याच्या दोन्ही अंगठ्यांच्या टोकांनाही घट्टे होते, गेमचा रिमोट धरून धरून पडलेले. नवा माणूस खोलीत आला की तो हात पुढं करून ते दाखवायचा. म्हणायचा, "तळहाताचे कंपनीचे, अंगठ्याचे माझे."

वय पस्तिशीच्या पुढं. सिल्लोडकडच्या एका वस्तीवरचं धनगराचं घर. लहानपणी बापाबरोबर बाजाराला गेला असताना एका दुकानात टीव्हीवर गेम लावलेला त्यानं पाहिला, आणि बाप लोकर विकून परत येईपर्यंत काचेला नाक लावून उभा राहिला. "आबानं कान धरून नेलं. पण माझी नजर तिथंच राह्यली," असं सांगायचा. पुढं आयटीआय केलं, कंत्राटी कामगार झाला, खोली घेतली, आणि पहिल्यांदा घेतला तो टीव्ही. खाट मागाहून आली.

रविवारची सुट्टी मिळाली की तो मला ओढत शहरात जाफरगेटच्या जुन्या बाजारात न्यायचा. मी त्याचा खोलीतला जोडीदार, त्याच कारखान्यात दुसऱ्या मशीनवर. बाजारात अनीसभाई पोतं अंथरून जुना माल मांडायचे : चार्जर, रेडिओ, बंद पडलेले मोबाइल, आणि त्या ढिगात एखादी पिवळी पडलेली गेमची कॅसेट. दादा उकिडवा बसायचा, कॅसेटीच्या तोंडावर फुंकर मारायचा आणि वरचं चित्र उन्हात धरून बघायचा.

"मियाँ, फूंक मारने से बीमार अच्छे होते, कॅसेट नहीं," अनीसभाई म्हणायचे.

"मेरे हात से होती है, भाई."

"हौ, पीरबाबा हो तुम. ले जाव, दुवा करो हमारे वास्ते."

खेळायला बसला की पहिला बराच वेळ तो खेळायचाच नाही. "थांब. आधी मागचं बघ," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आपला गडी एका जागी उभा करायचा आणि मागचे डोंगर, ढग, एखाद्या घराच्या खिडकीतला दिवा बघत राहायचा. "हे कुणीतरी बसून काढलंय. त्याचीबी कंबर दुखली असंल." खेळ संपल्यावर करणाऱ्यांच्या नावांची रांग वर सरकायला लागली की टीव्ही बंद करू द्यायचा नाही. मला पाळीला उशीर होतोय म्हटलं तरी नाही. एका खेळात माळावर मेंढरं दाखवली होती, ती बघून मात्र त्याचं डोकं फिरलं. "ह्यानं मेंढरू पाह्यलंच नाय. बग, दुपारच्या उन्हात एकेकटं उभं केलंय. उन्हात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालतात. आबाला दाखवलं तर आबा हसून मरंल."

भिंतीवरच्या फळीवर त्याच्या मूर्ती उभ्या असायच्या. खेळांमधलीच माणसं : कुणी ढालवाला, कुणी पंखवाली, एक राक्षस. जमवणारे दुसरे लोक असल्या मूर्ती सीलबंद खोक्यात ठेवतात, खोकं फुटलं की किंमत पडते म्हणतात. दादा पहिल्या दिवशी खोकं फाडायचा. "आत ठेवायला तो काय मुडदा हाय?" त्या फळीपायी त्याचं एक जमत आलेलं लग्न मोडलं. मुलीचे मामा खोली बघायला आले, फळीकडं नजर गेली, आणि त्यांनी विचारलं, "लेकरं किती?"

"अजून लगीन व्हायचंय, मामा."

"मंग ही खेळणी कुणाची?"

"माझीच."

मामांनी अर्धा चहा तसाच ठेवला. ते गेल्यावर दादा हसला, पण त्या दिवशी त्यानं गेम लावला नाही.

आता भिंतीचं सांगतो, कारण इथून कंपनीचा हात सुरू होतो. आमच्या प्रेसवर पत्र्याला चौकोनी भोकं पडायची आणि नखाएवढ्या चौकोनी चकत्या खाली भंगारात जायच्या. दादाला त्या चकत्यांमध्ये जुन्या खेळांतली चित्रं दिसली. ती चित्रंही अशाच चौकोनांची असतात, जवळून पाहिलं तर नुसते रंगाचे ठिपके. त्यानं सुपरवायझरला विचारून डबाभर चकत्या आणल्या, रंगवल्या आणि भिंतीवर एकेक चिकटवत गेला. कित्येक महिने हे चाललं. शेवटी भिंतीवर एक धनगर उभा राहिला, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, मागं मेंढरं. मेंढरांची मुंडकी एकमेकांच्या पोटाखाली. खाटेवरून बघितलं की वाटायचं, आता हा बटण दाबल्यावर चालायला लागेल.

सुपरवायझर एकदा हे बघायला खोलीवर आला. चहा प्याला, फोटो काढला, पाठ थोपटली. "तुझी बोटं म्हणजे मशीन आहे रे," म्हणाला. दादा आठवडाभर हवेत होता. "साहेबांना कळतं यातलं," असं मलाच ऐकवायचा. साहेबाला काय कळलं होतं ते पुढच्या महिन्यात दिसलं.

शॉपमध्ये एक पांढरा फळा लागला. वर इंग्रजीत 'हाय स्कोअर' आणि खाली रोज कुणी किती नग काढले ते. महिन्याच्या शेवटी पहिल्या नंबरला बक्षीस. बक्षीस काय, तर सीलबंद खोक्यातली एक मूर्ती, दादा ज्या खेळासाठी जीव टाकायचा त्या खेळातल्या धनुर्धारी बाईची. ती साहेबाच्या काचेच्या केबिनमध्ये, बाहेरून दिसेल अशी ठेवलेली. त्या शॉपमध्ये असल्या मूर्तीचा शौक एकाच माणसाला होता. बाकीच्यांनी तिच्याकडं ढुंकून पाहिलं नसतं. बक्षीस कुणासाठी मांडलं होतं ते आंधळ्यालाही कळावं.

ज्यांनी प्रेस पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रेसला दोन बाजूंना दोन हिरवी बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. हात बटणावर असले की साच्यात नसतात, एवढा सरळ हिशेब. पण यात वेळ जातो. म्हणून फळा लागला त्याच आठवड्यात मेंटेनन्सचा माणूस आला आणि ओळीतल्या प्रत्येक प्रेसच्या उजव्या बटणात लाकडी पाचर ठोकून गेला. बटण कायमचं दाबलेलं. आता डाव्या हातानं बटण मारायचं, उजवा हात साच्यात. नग पटापट निघायला लागले. हे साहेबाच्या हुकमानं झालं. साहेब तिथं उभा होता. मी पाहिलं.

"दादा, ती पाचर काढ," मी त्याला म्हणालो होतो.

"सगळ्यांलाच बसवलीय. मी एकट्यानं काढली तर फळ्यावर खाली जाईन."

"गेममध्ये मेला तर परत उभा राहतोस. इथं नाय राहणार."

"तू बोलतो का पत्रक वाचतो रे?" असं म्हणून तो हसला. कामगार संघटनेची पत्रकं मी तेव्हाही लिहायचो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी एक नग साच्यात अडकला. उजवा हात तो काढायला आत गेला, आणि लयीत असलेल्या डाव्या हातानं बटण मारलं. झालं ते एवढंच. मी त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला होतो. दुपारी पोचलो तर फरशी धुतलेली होती, फळा नव्हता, आणि ओळीतल्या एकाही बटणात पाचर नव्हती.

त्याला एका खासगी दवाखान्यात ठेवलं होतं. भेटायला गेलो तर खाटेशेजारच्या टेबलावर ती मूर्ती, सीलबंद. साहेब आणून ठेवून गेला होता. "महिना पुरा व्हायच्या आतच दिलं बक्षीस," दादा म्हणाला. मी खोकं बाहेर फेकायला उचललं, तर म्हणाला, "राहू दे. तिनं काय केलंय?" पण ते त्यानं उघडायला सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात मोबाइलवर एक बातमी फिरली : मोबाइल गेमच्या नादात कामगारानं बोटं गमावली. ज्या माणसानं मोबाइलवर एक डाव कधी खेळला नाही, मोबाइलवरच्या खेळाला जो 'बोटाची खाज' म्हणायचा, त्याच्याबद्दल ही बातमी. कुणी पुरवली असेल ते सांगायला नको. रिक्षात, चहाच्या टपरीवर, आमच्या खोल्यांच्या नळावर लोक तेच बोलायला लागले. "एवढ्या मोठ्या माणसानं काय खेळण्यांच्या मागं लागायचं?" खेळणं कुणी मांडलं होतं, हे एकानंही विचारलं नाही. दारू पिऊन पडलेल्या माणसाला आपल्याकडं जेवढी दया मिळते तेवढीही एका गेम खेळणाऱ्याला मिळाली नाही.

कोर्टात कंपनीचा वकील जे सांगतो ते नीट वाचा. तो म्हणतो, पाचरी होत्या, पण त्या कामगारांनी आपसांत ठोकल्या होत्या. कंपनीच्या लक्षात येताच त्या दिवशी पाळी सुरू होण्याआधी सगळ्या काढून टाकल्या. देविदासनं एकट्यानं, बक्षिसाच्या लोभानं, आपल्या बटणात ती पुन्हा बसवली. माझी साक्ष झाली. आदल्या दिवसापर्यंत पाचरी होत्या, साहेबासमोर ठोकल्या होत्या, हे मी सांगितलं. वकिलानं विचारलं, त्या दिवशी सकाळी तुम्ही तिथं होतात का? नव्हतो. बसा खाली, म्हणाला.

दादानं खोली सोडली. सामान बांधायला मी होतो, एका हातानं त्याला गाठ मारता येत नव्हती. मूर्ती, कॅसेटी, टीव्ही, सगळं अनीसभाईंकडं पोचवायला त्यानं मला सांगितलं. अनीसभाईंनी पोत्यावरून उठून सामान उतरवून घेतलं. "हात कैसा है उसका?" एवढंच विचारलं, भाव केला नाही. पुढच्या रविवारी ते सगळं पोत्यावर मांडलेलं होतं. त्यांचाही धंदा आहे. घरमालकानं नव्या भाडेकरूसाठी भिंत खरवडली. धनगर, घोंगडी, मेंढरं, सगळं सुपलीत भरून बाहेर टाकलं आणि चुना मारला.

मागच्या महिन्यात मी वस्तीवर गेलो होतो. तो आबांबरोबर मेंढरांमागं असतो. जेवायला बसलो तेव्हा त्यानं डाव्या हातानं भाकरी मोडली. गेमचा विषय मी काढला नाही, त्यानंही काढला नाही. उठताना आबा मला म्हणाले, "लेकरा, बोटं गेली ती गेली. पण पाव्हणेरावळे म्हणतात, लोभानं गेली. ते तेवढं पुसून दे."  दादा मला बांधापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "मी खरं सांगितलंय रे. पण माझ्या एकट्याच्या सांगण्याला काय किंमत? बाकीची माणसं तिथंच होती की."

होती. आणि त्यांच्यातले बरेच जण आत्ता हे वाचत आहेत, कारण संघटनेचा हा अंक कारखान्याच्या गेटवर मीच वाटतो. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. तुम्ही बोललात तर कंत्राटदार गेटपास काढून घेईल, निदान तसा प्रयत्न तरी करेल. संघटना तुमच्यासाठी भांडेल, पण जिंकेलच असं मी लिहून देत नाही. तरीही मागतो आहे, कारण ही एक गोष्ट तुमच्याशिवाय दुसरं कुणीही सांगू शकत नाही. मी नाही, आबा नाहीत, आणि दादानं सांगून कोर्ट ऐकत नाही.

सोमवारी सकाळी अकराला कामगार न्यायालयात पुढची तारीख आहे. त्या पाळीत तुम्ही असाल तर या. तुमचा भाऊ, नवरा, पोरगा असेल तर त्याला घेऊन या. साक्षीला उभे राहा आणि सांगा, की त्या दिवशी चहाच्या सुट्टीनंतर तुमच्या बटणातही पाचर होती.