डाव्या बाजूला न आलेले पास

लुसुंगु म्पांडे आमच्या न्खाटा-बेची. तळ्याकाठी मासळी उतरते त्याच्या मागे तिचं घर, त्याला लागूनच माझं. मलावीच्या महिला संघात ती मधल्या फळीत खेळायची, मी डाव्या टोकाला. चेंडू पायाशी यायच्या आधीच ती मान वळवून दोन्हीकडे बघून घ्यायची. मी धाव घेतली की चेंडू माझ्यापुढे हजर. प्रेक्षक माझं नाव घेत ‘वेझी, वेझी’ ओरडायचे, पण गोल निम्म्याहून जास्त तिचा असायचा.

एका मैत्रीपूर्ण सामन्यात हेडरसाठी उडी मारताना तिचं डोकं समोरच्या मुलीच्या डोक्यावर आदळलं. जरा वेळ गवतावर निपचित पडून राहिली. मग उठली, हसली. डॉक्टर धावत आले, त्यांना म्हणाली, “काही नाही झालं हो!” आणि शेवटपर्यंत खेळली. परतीच्या बसमध्ये मला विचारलं, “वेझी, जिंकलो ना गं आपण?”

आम्ही हरलो होतो.

पुढे पात्रता सामन्यासाठी लिलोंग्वेला शिबिर लागलं. लुसुंगु उन्हात डोळे उघडायला कचरायची. जेवली की उलटी. आणि मी डावीकडून धावायचे ती रिकामीच धावायचे, पास यायचाच नाही. पोरींना चेष्टा सुचायची. “काय गं, वेझीशी भांडलीस वाटतं?”

मी तिला बाजूला घेतलं. “डॉक्टरांना सांग.”

“सांगितलं की घरी पाठवतील. परदेशातल्या क्लबची माणसं येणारेत हा सामना बघायला. तुझं काय जातंय? गप्प बस.”

“आणि पडलीस तर?”

“पडले तर उचल.”

मी तिच्या आईला फोन केला.

आईला सगळे न्याचिर्वा म्हणतात. त्या उसिपा मासळी मांडवावर वाळत टाकलेली तशीच सोडून बसमध्ये चढल्या. दुसऱ्या दिवशी कमरेला चितेंजेचं कापड गुंडाळलेल्या त्या थेट मैदानात. आमचे कोच म्सिस्का सर पुढे झाले. “आई, सराव चाललाय.”

“चालू द्या. मला पोरीला एकच विचारायचंय.” त्या लुसुंगुसमोर जाऊन उभ्या राहिल्या. “काल फोनवर काय सांगितलं मी तुला?”

लुसुंगु हसली. “तेच नेहमीचं. मासळीचा भाव.”

“तुझ्या भावाला मुलगी झाली, ते सांगितलं. तुझंच नाव ठेवलंय तिला. किती ओरडलीस तू आनंदानं!”

लुसुंगुनं माझ्याकडे पाहिलं. मग सरांकडे. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. सरांनी टोपी काढली आणि डॉक्टरांना हाक मारली.

इस्पितळातून निकाल आला तो असा, की पुन्हा असाच मार बसला तर जीवही जाईल, फुटबॉल संपला. ऐकून ती रडली नाही. मला एवढंच म्हणाली, “तू सांगितलंस.”

तो पात्रता सामना आम्ही हरलो. गावच्या बाजारात बायका ऐकवायच्या, “आईनं कान धरून घरी आणली म्हणे देशाची मिडफिल्डर!” मला म्हणायच्या, “काय बाई, आता कोण देतं गं तुला पास?” कोणीच देत नव्हतं तसा. पण लुसुंगुचं मौन त्याहून जड जायचं. मी दिसले की ती दार लावून घ्यायची. दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडून असायची. बोलता बोलता शब्द हरवला की स्वतःवरच चिडायची, भांडी आपटायची. ते सगळं मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. डॉक्टर म्हणत, डोकेदुखी कमी होईल. कधी, ते सांगत नसत.

वर्ष असंच गेलं. एका ढगाळ दुपारी ती माझ्या दारात उभी. हातात ताट, त्यात कसाव्याच्या पिठाची घट्ट शिजवलेली नसिमा आणि तळलेली उसिपा.

“आईनं पाठवलंय.”

“आत ये ना.”

“राग गेला नाहीये माझा.”

“ठाऊक आहे.”

“तुझ्या जागी मी असते ना, तर नसतं सांगितलं.”

मी पाणी आणून तिच्या हातांवर घातलं. ती चटईवर बसली, नसिमाचा गोळा मोडला आणि ताट जरासं माझ्याकडे सरकवलं.