थोरलीचे ब्रेक

ड्रायव्हरकडे एवढे किस्से कुठून येतात, असं लोक विचारतात. गाडी चालवताना काही सुचत नाही. पण माल उतरेपर्यंत कंपनीच्या गेटाबाहेर अर्धा अर्धा दिवस बसायचं, आणि तिथे दुसरं करणार काय? आमचे बरेचसे किस्से एकाच गाडीचे. ती चालवणाऱ्यांना त्या वेळी त्यांत हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वडखळ नाक्याजवळ आमच्या शेठचा अड्डा होता. चार-पाच ट्रक. मी पेणचा, यशवंत रोह्याचा, आणि सगळ्यांत जुना ड्रायव्हर गडबचा गणपतदादा. डोलवीहून लोखंड भरायचं आणि रोह्याला उतरवायचं, हे रोजचं काम. दहा चाकांची सगळ्यांत जुनी गाडी होती, तिला आम्ही 'थोरली' म्हणायचो.

थोरलीचा डावा दरवाजा वळणावर आपोआप उघडायचा. यशवंतने शेठला सांगितलं. शेठने सुताची नवी दोरी दिली. "बांध. कुलूप बसवू पुढच्या महिन्यात." ती दोरी झिजली, दुसरी आली, तीही झिजली.

नागोठण्याला एका हवालदाराने गाडी अडवली. "दरवाजाला दोरी कशाला रे?"

यशवंत म्हणाला, "साहेब, दरवाजा म्हणजे ही दोरीच हाय. पत्रा नुसता वारा अडवायला."

हवालदार हसला नाही. त्याने दोरी ओढून पाहिली, गाठ घट्ट आहे एवढी खात्री केली आणि जाऊ दिलं.

स्टेअरिंगची तक्रार माझी. चाक पाव फेरा फिरवलं तरी गाडी सरळच जायची, मग एकदम वळायची. मी शेठला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. म्हणाला, "गणपत नाही कधी तक्रार करत."

मी गणपतदादाला गाठलं. "दादा, तुला स्टेअरिंग सैल लागत नाय?"

"लागतं ना."

"मग वळवतोस कशी?"

"वळण दिसायच्या आधी," तो म्हणाला आणि विडी पेटवली. त्या रस्त्यावर त्याचं आयुष्य गेलं होतं. पण रस्त्यात बैल आडवा आला तर तो आधी कसा दिसणार, हे मी त्याला विचारलं नाही. त्यानेही ते कधी मनात आणलं नसावं, किंवा रोजच आणलं असावं.

वर्षातून एकदा थोरली तरुण व्हायची. पासिंगच्या दिवशी. शेठच्या नव्या गाडीचे टायर, तिची बॅटरी, तिचे दिवे, सगळं आदल्या दिवशी थोरलीवर चढायचं. तपासणारा साहेब प्रामाणिक माणूस. वाकून बघायचा, दिवे लावून बघायचा. एकदा तो कौतुकाने म्हणाला, "जुनी असून छान ठेवलीय गाडी."

शेठ नम्रपणे म्हणाला, "घरातलं माणूस समजतो आम्ही तिला."

दुसऱ्या दिवशी सगळं सामान परत नव्या गाडीवर. आम्हीच पाने घेऊन खोलायचो.

मग यशवंतचं झालं. हँडब्रेक धरत नाही, हे त्याने शेठला किती वेळा सांगितलं असेल. उतारावर गाडी उभी केली की चाकाखाली दगड लावायचा, ही आम्हा सगळ्यांची सवय. रोह्याला एका गोदामासमोर तो दगड लावायला वाकला आणि भरलेली गाडी सरकली. उजवं पाऊल सापडलं. जीव वाचला, पाऊल गेलं.

आम्ही इस्पितळात बसलो होतो. त्याची बायको खाटेच्या पायथ्याशी उभी होती, चादरीचं टोक सारखं नीट करत होती. शेठ फळं घेऊन आला. ती खाटेवर ठेवली. मग हळू आवाजात, खरोखर वाईट वाटून म्हणाला, "यशवंता, दगड जरा मोठा घ्यायचास."

यशवंतने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याची बायको म्हणाली, "शेठ, ती फळं घेऊन जावा."

दुसऱ्या दिवसापासून गणपतदादाने थोरलीला हात लावला नाही. कधीच तक्रार न करणारा माणूस अड्ड्यावर येऊन नुसता बसून राहायचा. तो बसला म्हणून आम्हीही तिच्यावर चढेना. शेवटी शेठने गाडी गॅरेजला पाठवली. परत आली तेव्हा रंग नवा होता. शेठ म्हणाला, "ब्रेक नवे टाकलेत. आता काय अडचण?"

"अडचण काय नाय," गणपतदादा म्हणाला. "पहिल्या खेपेला तुम्ही बाजूला बसा."

सगळे ड्रायव्हर बघत होते. शेठ चढला. मी दोघांच्या मध्ये बसलो. गाडी रिकामी होती, सकाळची वेळ, रस्ता मोकळा. नागोठणं गेलं, सुकेळी खिंडीचा चढ संपला आणि उतार लागला. शेठने दोन्ही हातांनी समोरची दांडी धरली. गणपतदादा दुसऱ्या गिअरमध्ये, एका कडेने, बैलगाडीसारखी गाडी उतरवत होता. मागून हॉर्न वाजत होते.

खिंड संपली. सपाटी आली. शेठने दांडी सोडली, रुमालाने मान पुसली आणि मोकळं हसला. "बघितलंस? उगाच घाबरता तुम्ही लोक. कसे झकास लागतायत ब्रेक."

"गिअरवरच उतरवली, शेठ. ब्रेकला मी अजून पाय लावलेला नाय."

शेठने आधी त्याच्या पायांकडे पाहिलं, मग समोर. कोलाडचा नाका दिसायला लागला होता. माणसं रस्ता ओलांडत होती.

"मग आता गाडी थांबवणार कशी?"

"तेच तर यशवंत तुम्हाला विचारीत होता," गणपतदादा म्हणाला.