उजेड माझा, रंग तुमचा

मस्तगडातल्या फोटोमामांच्या दुकानात ‘जरा उजळ करा’ हे तीन शब्द बोलायची सोय नव्हती. बोललात की मामा कॅमेरा खाली ठेवायचे. “उजेड माझा, रंग तुमचा,” एवढंच म्हणायचे आणि चहा मागवायचे. स्वतः मामा चांगले काळेकुट्ट होते आणि त्याचा त्यांना काडीचाही संकोच नव्हता.

सावळ्या माणसाच्या फोटोला त्यांना दुप्पट वेळ लागे. मागचा पडदा बदलायचे, दिवा भिंतीकडे वळवायचे, कपाळावरचा घाम टिपायला स्वतःचा धुतलेला रुमाल द्यायचे. आळशी फोटोग्राफर काळ्या माणसाला आधी अंधारात बसवतो आणि मग कॉम्प्युटरवर चुना लावतो, असं त्यांचं मत होतं. लग्नाच्या बायोडेटातला ‘निमगोरी’ हा शब्द तर त्यांच्या डोक्यातच जायचा. “निमी गोरी, मंग उरलेली निमी कुठं ठिवता?” असं त्यांनी माझ्या आईलाच विचारलं होतं.

कारण माझ्या बायोडेटातल्या त्या ‘निमगोरी’ला शोभेल असा फोटो काढायलाच आम्ही गेलो होतो. तीर्थपुरीचं स्थळ होतं, मुलगा नोकरीवाला, आणि आधीची चार स्थळं माझा फोटो पाहूनच फिरली होती. मामांनी काढलेला फोटो हुबेहूब माझा होता, डोळ्यांत हसू असलेला. मला मात्र त्यात फक्त रंग दिसला. उजळ करायला मामा बिलकुल तयार होईनात, तेव्हा मी म्हणाले, “तुमी सोताच काळे, तुमाला काय कळनार?” आणि फोटो काउंटरवरच फाडला. मामांनी तुकडे गोळा केले. ते चिडले नाहीत, याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दुकानात मी दहा मिनिटांत गोरी झाले. पाहुणे आले, पोहे खाल्ले, आणि मुलाच्या आत्यानं तो फोटो माझ्या तोंडाशेजारी धरला. “फोटोतली पोरगी कुठंय? तिला बलवा की,” ती म्हणाली. आई उठून आत गेली. मामांकडे जायला त्यानंतर मला तोंडच उरलं नाही.

मागच्या महिन्यात मामा गेले. दुकानासमोर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता, त्यावर हार घातलेला एक गोरापान गृहस्थ. खालचं नाव वाचलं तेव्हा ते मामा आहेत हे कळलं. शेजारी उभा असलेला त्यांचा मुलगा म्हणाला, “गावोगावचे पाव्हणे येऊन राह्यले, मंग जरा उजळ करून घेतला.”

असा संताप आला की तो फ्लेक्स ओढून काढावा. पण मामांनी काढलेला खरा चेहरा पहिल्यांदा फाडला होता तो मी. मुलगा माझ्याकडे बघत होता.

“चांगला आलाय,” मी म्हणाले आणि हात जोडले.