चिखलात न्यायची सायकल

सायकल घरी आली त्याच संध्याकाळी आमचं भांडण झालं, ते स्टँडवरून. तिला स्टँड नव्हता. कॅरियर, मडगार्ड, बास्केट यातलंही काही नव्हतं, कारण ती कच्च्या वाटांवर, खडीमातीतून चालवायची सायकल होती आणि अशा सायकलींना ही लोढणी नसतात. आमच्या ह्यांना ते पटेना.

"मग ही उभी कशी करायची?"

"भिंतीला टेकवून."

"भिंतीला डाग पडतील. फ्लॅट बँकेचा आहे."

दुसऱ्या दिवशी मी अंघोळ करून बाहेर येईपर्यंत हे सायकल दुकानात नेऊन सगळे दागिने चढवून घेऊन आले होते. वर मलाच म्हणाले, "आता भाजी आणायलाही होईल." त्या दिवशीच्या आमटीत मीठ जास्त पडलं.

हे सरकारी बँकेत आहेत. बदल्यांचं आयुष्य, त्यामुळे आमच्या घरात कुठलीच वस्तू पुरती उघडली जात नाही. टीव्हीचा खोका माळ्यावर, मिक्सरचा खोका पलंगाखाली, फ्रिजच्या हँडलवरचं प्लास्टिक अजून तसंच. पॅकर्स आले की वस्तू जशीच्या तशी खोक्यात गेली पाहिजे. कोलकात्यात येऊन चार वर्षं होत आली, तरी ह्यांच्या लेखी आम्ही इथे उतरलोय, राहत नाही. सायकलच्या दांड्यांवर, सीटवर, हँडलच्या मुठींवर कंपनीचं प्लास्टिक होतं. ते काढायला मला सक्त मनाई होती.

आता मला या वयात सायकल कशाला हवी होती, ते सांगते. आमची मुलगी इंग्लंडमध्ये नोकरी करते. मागच्या उन्हाळ्यात आम्ही तिच्याकडे गेलो, तेव्हा ती आम्हाला गावाकडे सायकलींवर फिरायला घेऊन गेली. जुन्या रेल्वेचे रूळ काढून केलेली वाट, दोन्हीकडे कुंपणं, पलीकडे मेंढ्या, मध्येच एखादं लाकडी फाटक. हिरव्या खुणेची वाट, म्हणजे सगळ्यांत सोपी. लहान मुलं आणि सत्तरीच्या बायका हसत हसत आमच्या बाजूने जात होत्या. मी मात्र जरा उतार दिसला की ब्रेक दाबत होते, खडी लागली की उतरत होते आणि फाटक आलं की सायकलसकट त्यात अडकत होते. मुलगी पुढे जायची, थांबायची, पुन्हा पुढे जायची. दुपारी ती तिच्या मैत्रिणीला इंग्रजीत हळूच म्हणाली, "आईला काही जमायचं नाही. ह्या दोघांना कॅफेत बसवू आणि आपण दोघी जाऊन येऊ."

मला इंग्रजी येतं हे ती विसरली नव्हती. मला वाईट वाटेल, एवढंच तिच्या लक्षात आलं नव्हतं. हे कॅफेत खूश होते, त्यांनी दोनदा केक मागवला. मी खिडकीतून त्या वाटेकडे बघत बसले आणि मला स्वतःचा भयंकर राग आला. जिला मी सायकल शिकवली, तिने मला सामानासारखं एका कोपऱ्यात ठेवलं होतं. पुढच्या मे महिन्यात पुन्हा जायचं होतं. तेव्हा मी तिच्या बरोबरीने जाणार, बस्स, एवढंच मी ठरवलं.

पण कोलकात्यात ठरवून काय होतं? मोठ्या रस्त्यांवर सायकलला बंदी. एकदा पोलिसाने शिट्टी मारून मला उतरवलं आणि सिग्नलपर्यंत चालायला लावलं. रविवारी काही लोक शहराबाहेर बजबजच्या बाजूला नदीकाठाने जातात असं कळलं, पण ती सगळी तरणीताठी मंडळी. माझ्या फोनला 'नक्की सांगतो, आंटी' म्हणाले आणि सांगितलं नाही. राहता राहिले आमच्या सॉल्ट लेक वस्तीतले आतले गुळगुळीत रस्ते. तिथे मी सकाळी ब्लॉकभोवती गोल गोल फिरायची आणि हे स्कूटरवरून मागे. "हळू! डावीकडे घे! अगं, खड्डा!" शेजारच्या बाल्कनीतल्या बायका चहा घेत बघायच्या. चिखल कुठे नव्हताच.

"चिखलात न्यायला घेतलीय ती," मी एकदा ओरडलेच.

"चिखलात न्यायला कुणी एवढी चांगली सायकल घेतं का?" ह्यांनी शांतपणे विचारलं.

शेवटी डिसेंबरात ह्यांच्या ऑडिटच्या गडबडीत मी एकटीच निघाले. सॉल्ट लेकच्या पलीकडे माशांचे मोठाले तलाव आहेत, इथे त्यांना भेरी म्हणतात. त्यांच्यामधून मातीचे बांध जातात. धुकं होतं, दोन्हीकडे पाणी, आणि वाट थेट त्या इंग्लंडातल्या वाटेसारखी, फक्त मेंढ्यांऐवजी बगळे. मी इतकी खूश झाले की मोठ्याने गाणं म्हणायला लागले. तेवढ्यात मागून माशांची भांडी लादलेली सायकल आली. "ओ माशीमा, साइड दिन!" माशीमा म्हणजे मावशी, म्हणजे मीच. बाजूला होण्यासाठी मी हँडल वळवलं, मुठींवरच्या प्लास्टिकवर धुक्याचं पाणी साचलेलं, हात सटकन निसटले आणि मी जलपर्णीत.

मासेवाल्याने मला बाहेर काढलं आणि घाईत होता, निघून गेला. मी बांधावर बसून ते प्लास्टिक नखांनी, दातांनी फाडलं. मुठींवरचं, दांड्यांवरचं, सीटवरचं, सगळं. मग कॅरियरच्या स्क्रूलाही हात घातला, पण तो निघेना, म्हणून त्याला दोन शिव्या दिल्या.

घरी आले तर हे दारातच. "प्लास्टिक का फाडलंस?" माझ्या गुडघ्यातून रक्त येत होतं ते ह्यांना नंतर दिसलं. मग खाली बसून जखम धुतली, मलम लावलं आणि सगळा वेळ पुटपुटत होते, "आता पॅक कशी करायची?" मला त्यांच्या डोक्यावर मलमाची ट्यूब पिळावीशी वाटली.

पण त्यानंतर मी रोज बांधावर जायला लागले. जानेवारी, फेब्रुवारी. उतारावर ब्रेक न दाबता जायला शिकले. खडीवर न उतरता, सीटवरून जरा उठून, गुडघे सैल ठेवून. मासेवाले आता ओळखतात. मार्चमध्ये हे स्वतः माझ्यामागून बांधावर आले आणि त्यांनी माझा व्हिडिओ काढला. त्यात "हळू, हळू" ऐकू येतं, पण मी हळू जात नाहीये. तो व्हिडिओ मी मुलीला पाठवला.

रविवारी तिचा फोन आला. "आई, व्हिडिओ मस्त! आणि तुझ्यासाठी सरप्राइज आहे. मे महिन्यात आपल्याला बॅटरीवाल्या सायकली बुक केल्यात. तुला काही करावंच लागणार नाही. नुसतं बसायचं."

माझा आवाज चढला. "मला नकोय बॅटरी! इतके महिने मी काय झक मारली? मला नुसतं बसायचं नाहीये. मला तुझ्याबरोबर दमायचंय!"

 

"आई," ती म्हणाली, "मी आठवडाभर दमलेलीच असते गं. शनिवारी मला उठवतच नाही. बॅटरी तुझ्यासाठी नाहीये. मी तुझं नाव सांगून माझ्यासाठी घेतलीय."

इतका राग आला होता, आणि आता तो ठेवायला जागाच उरली नाही.

"बरं," मी म्हणाले. "तू बॅटरीची घे. मी साधीच घेईन. आणि तुला वाटेल तेव्हा थांबू."