गोल कोण सांभाळणार

यंदा आमच्या कॉलेजचा गोल कोण सांभाळणार, हे मी घरून निघालो तोवर ठरलेलं नव्हतं. बाकीची टीम मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईल. मागे उजवीकडे विवळवेढ्याचा कॅप्टन. त्याच्या अंगावरून बॉल न्यायचा म्हणजे देवीच्या जत्रेतल्या गर्दीतून उलटं चालायचं. पुढे सरावलीचा. पायात वेग आहे, पण आपल्याला डावाही पाय आहे हे त्याला आठवत नाही. मधे मात्र यंदा भगदाड आहे. गेल्या वर्षी मधे खेळणारे दोघंही कॉलेज संपवून गेले, एक वापीच्या कंपनीत लागला आणि दुसऱ्याचं लग्न झालं. त्यांच्या जागी आलेली पोरं पळतात खूप, पण बॉल कुणाला द्यायचा ते बॉल गेल्यावर ठरवतात. त्यात पहिलीच मॅच वसईकडच्या कॉलेजशी. तिकडची पोरं चालायला शिकतात ती बॉलच्या मागे. म्हणजे बॉल आमच्या गोलवर येणार, परत परत येणार. मला घोर लागलाय तो गोलीचा.

आमचं कॉलेज म्हणतो खरा, पण त्या कॉलेजात मी एक दिवसही शिकलेलो नाही. नववीतच शाळा सुटली. तलासरीकडच्या आमच्या पाड्यावरून मी बोर्डीच्या बाजूला चिकूच्या वाडीत कामाला जायचो. वाडीला लागून कॉलेजचं ग्राऊंड. बॉल कुंपणावरून आत आला की मी तो हाताने परत फेकायचो, पायाने मारायची लाज वाटायची. एकदा खेळाचे सर कुंपणापाशी येऊन म्हणाले, "फेकतोस चांगला. अडवशील का?" त्यांचा गोली त्या दिवशी आला नव्हता. टोपली खाली ठेवून मी जाऊन उभा राहिलो. त्यानंतर माणूस कमी पडला की सर वाडीच्या मालकाला हाक मारायचे, "शेठ, तुमचा माणूस घेतो जरा वेळ." मॅचमध्ये मला उभं राहता येत नव्हतं, माझ्याकडे कॉलेजचं कार्ड कुठे होतं? पण प्रॅक्टिसनंतर वडापाव आले की त्यात माझाही असायचा. "याला पण द्या रे," असं सर कधी म्हणाले नाहीत. माझा धरूनच आणलेला असायचा. ते मी विसरणार नाही.

आता माझा धाकटा भाऊ त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि गेल्या वर्षी तोच गोली होता. जमिनीलगत आलेला बॉल त्याच्या हातून सुटत नाही. चिखलात तर म्हशीसारखा खुशीत लोळतो. पण कॉर्नरला पुढे यायचं की जागेवर थांबायचं, यात त्याचे पाय अडकतात. गेल्या मोसमातली शेवटची मॅच त्याच्यातच गेली. मी ती पाहिली नाही, एकही पाहिलेली नाही. वाडी सोडून आता मी गुजरातच्या मासेमारी बोटीवर खलाशी आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा मी घरी असतो, तेव्हा नुसती प्रॅक्टिस बघायला मिळते. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला इकडे वेरावळला आमची बोट समुद्रात जाते आणि तिकडे यांचा मोसम सुरू होतो. बोट बंदराला लागली की फोन करायचा आणि काय झालं ते ऐकायचं, एवढंच माझं मॅच बघणं.

यंदा कॉलेजात बोर्डीचा एक नवा पोरगा आलाय, तोही गोलीच. उंच आहे, बाहेर कुठे कोचिंग घेऊन आलाय.

"दादा, त्याचे ग्लोव्हज बघ," भाऊ मला म्हणाला होता. "एकेक माझ्या तोंडाएवढा."

"मग तोंडाने अडव तू," मी म्हटलं. हसलो दोघंही.

ही काळजी घेऊन वेरावळला आलो, तर इथे दुसरी उभी.

आमच्या बोटीवरचे खलाशी सगळे एकाच पाड्याचे. तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, गुजराती आहे, पण माणसं तो वर्षानुवर्षं आमच्याकडूनच नेतो. एकाच्या हातचं दुसऱ्याला चालतं, भांडण झालं तरी ते पाड्यावर जाऊन मिटतं. म्हणून कुणाची जागा रिकामी झाली की ती पाड्यानेच भरायची, शक्यतो त्याच्या घरातून, नाही तर शेजारच्या घरातून. पाड्याने माणूस दिला नाही तर तांडेल दुसऱ्या गावात विचारतो, आणि मग हळूहळू सगळ्यांच्याच जागा जातात.

यंदा जागा रिकामी झाली ती आमच्या शेजारच्या काकांची. गेल्या मोसमात जाळं ओढताना त्यांचा पाय सरकला आणि गुडघा बोटीच्या काठावर आपटला, तो अजून धड वाकत नाही. काकांना दोन मुली, दोघी लग्न होऊन गेलेल्या. शेजारचं घर म्हणजे आमचं.

पहिल्या वर्षी मी बोटीवर नुसता ओकत होतो तेव्हा याच काकांनी माझ्या वाटणीचा दोर ओढला होता. बडबडले नाहीत, कुणाला सांगितलंही नाही.

तांडेल जेट्टीवर मला म्हणाला, "तारो भाई, पेलो गोलवाळो. हाथ मजबूत छे ने? बोलावी ले."

भावाला बोलावून घे म्हणत होता. गोलवाला भाऊ त्याला माहीत होता तो माझ्यामुळेच. समुद्रात बोलायला असतं काय? मोसमभर मी सगळ्यांना भावाचंच सांगत असतो, कसा झेपावतो, ओला बॉलसुद्धा कसा सोडत नाही. तांडेलने ते दोराच्या हिशेबाने ऐकून ठेवलं होतं.

मी फोन लावला. भावाने सांगायला सुरुवातच केली. सर दोघांना आलटून पालटून उभे करतात, टीम अजून लावलेली नाही.

"सर म्हणतात, कॉर्नरला ओरडायला शीक. गोली मुका असून चालत नाही."

"मग ओरड की."

"ओरडतोय. आई म्हणते, घरात तरी हळू बोल."

मग त्याने विचारलं, "काकांच्या जागी कोण आलं रे?"

"बघतायत."

"आई पण विचारत होती. माणूस लागला तर सांग मला."

तांडेल समोर दोराच्या गुंडाळीवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. आमचं मराठी त्याला थोडंफार कळतं. मी वळून पाण्याकडे तोंड केलं आणि म्हटलं, "तू कॉर्नरला पुढे यायला शीक आधी." फोन ठेवला.

"शुं कह्युं?" तांडेलने विचारलं.

"ना पाडी," मी म्हणालो. नाही म्हणाला.

तांडेल गुंडाळीवरून उठला. खिशातून स्वतःचा फोन काढून तो पलीकडे गेला. त्याने पाड्यावर कुणाला फोन लावला ते मला बोट निघायच्या आदल्या दिवशी कळलं. जेट्टीवरून काका येताना दिसले. एका खांद्याला पिशवी, गुडघ्याला फडकं बांधलेलं, एक पाय ओढत.

"काय रे, माझी जागा धुतलीस का तशीच ठेवलीस?"

"काका, तुम्ही कशाला आलात?"

"मग कोण येणार? जागा माझी आहे."

दुपारी आम्ही दोघं जाळं शिवत बसलो होतो. काका सुई ओवता ओवता सहज बोलावं तसं म्हणाले, "निघताना तुझ्या भावाला भेटून आलो. त्याला तर कुणी विचारलंच नव्हतं."

मी गाठ मारत राहिलो.

"मी नाही काही बोललो. पाय मोकळा झाला, म्हणून चाललो, असं सांगितलं." मग म्हणाले, "खेळणार आहे ना पण?"

काय सांगणार होतो? एवढं करून तो बाकावर बसला आणि बोर्डीचा उभा राहिला, तर काकांचा गुडघा कशासाठी? तसं झालं तर सरांनाही मी बोल लावू शकत नाही. जो बरा अडवेल त्यालाच ते उभा करतील, मलाही त्यांनी तसाच उभा केला होता.

"सर अजून सांगत नाहीत," मी म्हणालो.

"बाकावर बसला तर कान धरून इकडे आणीन त्याला," काका म्हणाले आणि हसले. उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बराच भार टाकला तेव्हा उठता आलं.

हे मी बोटीवरच लिहितोय. काल निघताना जेट्टीवर भावाचा मेसेज आला होता, टीम उद्या लागणार. तो उद्या म्हणजे आज, आणि इथे फोनला रेंज लागत नाही. बंदराला परत जाऊ तेव्हाच कळणार. सकाळी पहिलं जाळं ओढलं. काका माझ्या मागे, त्यांच्या नेहमीच्या जागेवर. दर ओढीला त्यांचा श्वास तोंडातून बाहेर पडताना ऐकू येत होता.

"कॉर्नरला येतो का रे आता पुढे?" त्यांनी मागून विचारलं.

"शिकतोय," मी म्हणालो, आणि दोर हात लांबवून थोडा मागून धरला, त्यांच्या वाटणीतला.

"सोड. माझा मला ओढू दे."

मी सोडला नाही.