पासवर्डच्या वेळी भिंतीकडे तोंड

आधीच सांगून टाकते — भूतखेत, अंगात येणं, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी सुरतजवळ कडोदऱ्याच्या एका मिलमध्ये कापड तपासायला आहे. दिवसभर डोळ्यांखालून तागे जातात, कुठे धागा तुटलाय, कुठे रंग सांडलाय ते पकडायचं, हेच माझं काम. आमचे आप्पा म्हणतात, पोरगी माणसांतही खोटच शोधते. या सदरातले तुमचे अनुभव मी नेहमी वाचते आणि खरं सांगायचं तर हसतेही. आज माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे, तेव्हा तुम्हीही हसलात तरी चालेल.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. आप्पा लूमवर काम करायला सुरतला आले आणि तिथल्या उधन्याचेच झाले. आमच्या गल्लीत खाली लूमची खाती, म्हणजे छोटे कारखाने, वर घरं. खाती चालू असली की अशी खटखट असते की घरात साधं ‘मीठ दे’ म्हणायलाही ओरडावं लागतं. नव्या पाहुण्यांना वाटतं, यांची भांडणं चालली आहेत.

घरात सगळ्यांचा मिळून एक कॉम्प्युटर. तो दादाने आणला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ — कतारगामला हिऱ्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. सुरुवातीला कॉम्प्युटरवर कुणीही काहीही करायचं. मग एकदा आप्पांनी फुकटात भजनं मिळतात म्हणून कसलंसं बटण दाबलं. भजनं राहिली बाजूला... संध्याकाळी मला बघायला आलेल्या मंडळींसमोर स्क्रीनवर एक बाई अर्ध्या कपड्यांत नाचायला लागली. ते स्थळ तिथेच बारगळलं. (मला फार दुःख झालं नाही, पण ते असो.)

त्या दिवसापासून दादाने नियम केला. सगळ्यांना आपापलं खातं, पण नवीन काहीही इन्स्टॉल करायचं म्हटलं की स्क्रीनवर एक चौकोन यायचा. त्यात दादाचा गोल फोटो, केस विस्कटलेले, दात काढलेले, आणि खाली पासवर्डची रिकामी जागा. मग दादाला हाक मारायची. तो यायचा, आणि खोलीत असतील तेवढ्या सगळ्यांना फर्मान सोडायचा — “तोंड फिरावा! डोया झाका!”

आप्पांसकट सगळे भिंतीकडे तोंड करून, डोळे झाकून उभे. दादा एका बोटाने कळा दाबणार, शेवटी एन्टर असा बडवणार की टेबल हललं पाहिजे. मग म्हणायचा, “व्हई गयं!” झालं, म्हणजे आता वळा. त्याआधी वळलं की इन्स्टॉल रद्द. त्याच्या चार वर्षांच्या पोरीला, गार्गीला, हा लपाछपीसारखाच खेळ वाटायचा.

मागच्या दिवाळीनंतर दादा गेला. सकाळी छातीत दुखायला लागलं, रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं. पासवर्ड त्याच्याबरोबरच गेला.

वहिनीने पुढे पंचिंगचा क्लास केला. साडीवरचं भरतकाम मशीनने करायचं तर त्याचं डिझाईन आधी कॉम्प्युटरवर टाका-टाका मांडावं लागतं, त्याला इथे पंचिंग म्हणतात. तिचा हात सुरेख आहे — हे मी सांगतेय, म्हणजे समजा. एका शेठने घरबसल्या काम द्यायचं कबूल केलं. गार्गीला सोडून बाहेर नोकरीला जायचं म्हणून वहिनी रडत होती, तिच्यासाठी हे काम म्हणजे देवच पावला. शेठने सॉफ्टवेअरचा पेनड्राइव्ह दिला. तिने तो लावला आणि आला तो चौकोन. दादाचा हसरा फोटो, खाली रिकामी जागा.

आम्ही सुचेल ते टाकून पाहिलं. वाढदिवस, गार्गीचं नाव, गावाचं नाव, गावाकडच्या बैलाचंही नाव. काही लागलं नाही. रिपेअरवाला आला. तुम्ही म्हणाल, पासवर्ड काढता येतो — त्यानेही तेच म्हणून बाह्या सरसावल्या होत्या. पण दादाने आतल्या डिस्कलाही कुलूप घालून ठेवलेलं. शेवटी तो म्हणाला, “दीदी, फॉरमॅट मारना पडेगा. सब उड जाएगा.”

सगळं म्हणजे काय, ते त्याला कुठून कळणार. लग्नाचे फोटो, गार्गीचं पहिलं पाऊल, दादाचा आवाज असलेले सगळे व्हिडिओ त्याच्याच खात्यात बंद होते. आम्हाला ते उघडता येत नव्हते, पण तिथे होते. आप्पा म्हणाले, “फॉरमॅट करानं नही म्हंजे नही.” दुसरा कॉम्प्युटर घ्यायला हातात पैसे नव्हते. आणि तिकडून शेठचा फोन, “बेन, काल सुधीमां चालु करी दो, नहितर बीजाने आपवुं पडशे.” उद्यापर्यंत सुरू करा, नाहीतर दुसऱ्याला द्यावं लागेल. तोही बिचारा किती थांबणार!

वहिनीने रात्रभर विचार केला आणि सकाळी रिपेअरवाल्याला संध्याकाळी बोलावून घेतलं. आप्पा चपला घालून बाहेर निघून गेले.

त्या दिवशी लूमच्या खात्यांना सुट्टी होती. गल्ली इतकी शांत, की कुठल्या घरात कुकर झाला तेही कळत होतं. दुपारी मी जमिनीवर बसून पापडीच्या शेंगा सोलत होते. गार्गी बाजूला दाणे वेचत होती. वहिनी कॉम्प्युटरपाशी बसली आणि म्हणाली, “ताई, एकदाव देखस.” एकदाच बघते. तिने पेनड्राइव्ह लावला. टुंग करून चौकोन आला.

आणि इथे आम्ही तिघींनी जे केलं, ते आमच्याच घरातल्या माणसांनी करावं. चौकोनाचा आवाज आला तशी मी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि डोळे मिटले. सवयीने. तिकडे वहिनीची खुर्ची करकरली, तीही वळली होती. कुणासाठी वळतोय, हे मला मिटल्या डोळ्यांनी आठवलं. आता वळावं म्हणणार...

तेवढ्यात कळा वाजल्या.

एक बोट. टक, टक... मग थांबून टक टक टक. आणि शेवटी धाड्कन एन्टर. टेबलावरची वाटी वाजली.

मी वळले. वहिनी खुर्चीत भिंतीकडे तोंड करून, दोन्ही तळहात डोळ्यांवर घट्ट. स्क्रीनवर चौकोन नव्हता, हिरवी पट्टी पुढे सरकत होती.

वहिनी पांढरी पडली होती. “ताई, तू टाकं का?”

“मी नही.” माझ्या हातात अजून पापडीची शेंग होती.

तिसरी राहिली गार्गी. ती भिंतीला नाक लावून, इवल्या हातांनी डोळे झाकून उभी होती. मी म्हटलं, “गार्गी, वळ की आता.” तर मान हलवत गुजरातीत म्हणाली, “ना फोई. पप्पाए हजी कह्युं नथी.”

नाही आत्या. पप्पांनी अजून म्हटलं नाही.

मला हुंदका आवरला नाही. वहिनीने उठून तिला तशीच, डोळे झाकलेली, उचलून घेतलं. पण ‘व्हई गयं’ काही वहिनी म्हणाली नाही.

खोट शोधणं माझा धंदा, मी ती शोधलीच. वहिनीनेच टाकला असेल? माहीत असता तर ती फॉरमॅटच्या विचाराने अशी सुकली नसती, आणि माझ्यासमोर तर ती डोळे झाकून होती. गार्गीचा हात त्या टेबलाला पोचत नाही. संध्याकाळी आलेला रिपेअरवाला म्हणाला, पासवर्ड टाकल्याशिवाय हे होत नाही, घरातल्याच कुणीतरी टाकला असेल. ‘घरातल्याच कुणीतरी’! आम्ही त्याला चहा पाजून परत पाठवलं.

आप्पा घरी आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर स्वतःच चौकोन आणून, भिंतीकडे तोंड करून म्हातारा ताठ उभा. बराच वेळ उभे होते. चौकोन होता तिथेच. काय इन्स्टॉल करत होते म्हणून बघितलं, तर तीच फुकटची भजनं! डोळे पुसत हसायला लागले. “मन्हासाठे नही करस तो.”

वहिनीचं काम छान चाललं आहे. दादाचं खातं अजून तसंच बंद आहे, फॉरमॅटचं नाव कुणी काढत नाही. त्या दुपारी कळा कुणी दाबल्या, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कॉम्प्युटरमधलं कळत असेल तर जरूर सांगा, मी ऐकून घेईन. फक्त एक आहे... दादाने ‘व्हई गयं’ म्हटलेलं नाही, आणि त्याच्या वतीने ते म्हणायची आमच्या घरात कुणाचीच तयारी नाही.